‘अर्थ वाटत नाही’ म्हणजे नेमकं काय वाटत नाही?

ज्यांच्या पत्राला हे उत्तर आहे ते गृहस्थ डिचोली तालुक्यातले, वय 61. एका खाणीवर 27 वर्षं काट्यावर होते. खनिज भरलेला ट्रक धक्क्याकडे निघाला की आधी ह्यांच्यासमोर थांबायचा, वजन व्हायचं, ह्यांनी चिठ्ठी दिली की सुटायचा. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 पासून पुन्हा थांबल्या. तेव्हापासून ते घरी आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी म्हापशाला दिलेली, कर्ज नाही, साखर आटोक्यात. त्यांच्या लांब पत्रातला थोडा भाग असा:

‘डॉक्टरबाई, मला दुखत काही नाही. पण सकाळी चहा घेऊन सोप्यावर बसलो की वाटतं, हे सगळं कशासाठी? योगाचा वर्ग लावला, पोरसात भाजी केली, मुलानं मोबाइलवर बुद्धिबळ शिकवलं. कशातच अर्थ वाटत नाही. बायको म्हणते, तुम्हाला सुख टोचतंय. चवथीला आरतीला बसलो तेवढे दिवस बरं वाटलं. मानसशास्त्राकडे ह्याला उत्तर आहे का, की हा प्रश्न कीर्तनकारालाच विचारायचा?’

आधी एक दुरुस्ती. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे; औषध लिहून देण्याचा अधिकार मला नाही. फोंड्याला बावीस वर्षं बसते आहे, आणि बावीस वर्षं लोक मला डॉक्टरबाईच म्हणत आलेत. इतर दिवशी मी ते सोडून देते. आज सांगायला हवं, कारण तुमच्या पत्रातली पहिली शंका डॉक्टरांकडे जाणारी आहे. ‘जगण्यात अर्थ वाटत नाही’ हे वाक्य निरोगी माणूसही बोलतो आणि नैराश्याचा रुग्णही बोलतो, अगदी ह्याच शब्दांत. तुम्ही झोपेबद्दल काही लिहिलेलं नाही. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही असं होतं का? जेवणावरची वासना गेली आहे का? दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन असंच पडून असतं का? आपण सगळ्यांना भार झालोय, नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का? ह्यातलं काही ‘हो’ असेल तर पुढचं वाचायच्या आधी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किंवा बांबोळीला मानसोपचार संस्थेत. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर आजच 14416 ह्या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा; तो सरकारी आहे, फुकट आहे. चवथीला तुमचं मन उघडलं, हे चांगलं लक्षण. पण तेवढ्यावरून मी पत्रातून ‘तुम्हाला नैराश्य नाही’ असा दाखला देणार नाही.

ते नाही असं धरून पुढे लिहिते.

विश्वाचा, जन्माचा, कर्माचा हेतू काय हे मानसशास्त्र सांगत नाही. ते कीर्तनकाराचं अंगण; त्यात मी शिरत नाही आणि त्यानं माझ्या अंगणात शिरू नये अशी माझी अपेक्षा असते, ती तो पाळत नाही हा भाग वेगळा. मानसशास्त्र विचारतं ते इतकंच, की आपल्या जगण्यात अर्थ आहे असं माणसाला केव्हा वाटतं, आणि ते वाटणं कशानं उडतं.

हा प्रश्नसुद्धा फार काळ कुणी विचारला नाही. जीवनाला अर्थ काय, किंमत काय, असं ज्या क्षणी माणूस विचारू लागतो त्या क्षणी तो आजारी असतो, अशा आशयाचं वाक्य फ्रॉइडनं 1937 साली आपल्या शिष्या मारी बोनापार्त यांना पत्रात लिहिलं होतं. त्याच व्हिएन्नात 1905 साली जन्मलेला व्हिक्टर फ्रँकल मात्र उलट बोलू लागला. हा प्रश्न पडणं हा माणूस असल्याचा पुरावा आहे, आजाराचा नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल, छळछावण्यांतून वाचलेला डॉक्टर म्हणून. आई, वडील, भाऊ, बायको, सगळे गेले. आपल्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित त्यानं कोटाच्या अस्तरात शिवून नेलं होतं, ते आऊश्वित्झला हिसकावून घेतलं गेलं. अर्थाबद्दलची कल्पना छावणीत सुचली असं लोक समजतात. तो आत गेला तेव्हाच ती त्याच्या सोबत होती. छावणीत तिची परीक्षा झाली.

फ्रँकलनं तीन वाटा सांगितल्या. आपण जगाला काही देतो, म्हणजे काम. जगाकडून काही घेतो, म्हणजे प्रेम, एखादा माणूस, पहाटेचं आकाश. आणि तिसरी, जे टाळताच येत नाही त्याला आपण कसे सामोरे जातो. तिसऱ्या वाटेला त्यानं एक कडक अट घातली होती आणि ती सगळे विसरतात: दुःख टाळता येत असेल तर ते आधी टाळायचं. टाळता येण्यासारखं दुःख सोसत बसण्यात काही मोठेपणा नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना माहेरची माणसं ‘भोग आहे, सोस’ म्हणून परत पाठवतात, वर कुणीतरी फ्रँकलचं वाक्य मोबाइलवर ढकलतं, तेव्हा माझा पारा चढतो. दारू पिऊन मारणारा नवरा हा टाळता येण्यासारखा प्रकार आहे.

आता तुमच्या पत्राकडे.

‘अर्थ’ हा एक शब्द आपण तीन कामांना राबवतो. तो कुठल्या क्रियापदाबरोबर येतो ते बघा. कवितेचा अर्थ *लागतो*. धावपळीला काही अर्थ *आहे का*, म्हणजे ती कुठे पोचते का. आणि ‘माझ्या बोलण्याला ह्या घरात काही अर्थच *उरला नाही*’, म्हणजे मला कुणी मोजत नाही. लागणं, पोचणं, मोजलं जाणं. ह्या विषयात काम करणारे मानसशास्त्रज्ञ 2016 च्या सुमारास साधारण ह्याच तीन कप्प्यांवर येऊन ठेपले: जगण्याची संगती लागणं, जगण्याला दिशा असणं, आणि आपल्या असण्याला मोल असणं. मायकेल स्टेगर, क्रिस्टल पार्क ही त्यातली नावं. कुणी ‘अर्थ नाही’ म्हणत आलं की मी पहिल्या भेटीत बाकी काही करत नाही. ह्या तीनपैकी काय हरवलंय ते चाचपते. कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे आणि चुकीच्या कप्प्यात औषध ओतलं तर ते वाया जातं. तुमचा योगाचा वर्ग असाच वाया गेला असावा.

संगतीचं आधी. हा कप्पा लोकांना वाटतो त्यापेक्षा साधा आहे. सामंथा हाइंट्झलमन आणि लॉरा किंग यांचा एक प्रयोग आहे, 2013 चा. झाडांचे वेगवेगळ्या ऋतूंतले फोटो लोकांना दाखवले. काहींना ऋतूंच्या क्रमानं, काहींना कसेही उलटसुलट. नंतर त्यांच्या आयुष्यातल्या अर्थाबद्दल प्रश्न विचारले. क्रमानं फोटो पाहिलेल्यांनी आपलं आयुष्य थोडं जास्त अर्थपूर्ण असल्याचं सांगितलं. थोडंच, आणि अशा प्रयोगशाळेतल्या निकालांवर घर बांधू नये. पण त्याच दोघींनी पुढे 2019 मध्ये दाखवलं की माणसं नेहमीची, ठरलेली कामं करत असतात त्या वेळी त्यांना अर्थ जास्त जाणवतो. ‘तेच ते’ म्हणून ज्याला आपण नावं ठेवतो ते तेच ते.

गोव्यात हे पटवायला मला फोटो लागत नाहीत. चवथ, दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न, गावची जत्रा, धालो, शिगमो, मग काजू, मग पुरुमेत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मग मृग. वर्ष असं हातात हात घालून पुढे जातं. खाणीलाही तिचं पंचांग होतं. पावसाळ्यात काम मंदावायचं आणि पाऊस सरला की ट्रक पुन्हा लाल धुरळा उडवत निघायचे. तुमच्या दिवसाला, आठवड्याला, वर्षाला चाल होती. तुमची कमाई गेली ती गेलीच, बरोबर ही चालही गेली. चवथीला बरं वाटलं त्यात थोडा वाटा ह्याचा असणार: तेवढे दिवस आपण कितव्या पानावर आहोत ते तुम्हाला माहीत होतं.

संगतीची दुसरी बाजू जरा खोल आहे. क्रिस्टल पार्क म्हणतात, प्रत्येकाच्या मनात जगाविषयी एक मोठा हिशेब असतो, बहुधा कधी न बोललेला. इमानानं काम करणाऱ्याला काम मिळत राहतं, हा तुमचा असावा. मग एखादी घटना त्या हिशेबात बसत नाही. एका निकालाच्या कागदानं काटा थांबतो, आणि त्यात तुमच्या इमानाचा किंवा बेइमानीचा संबंधच नसतो. अशा वेळी माणूस एक तर घटनेचा अर्थ बदलतो किंवा हिशेब बदलतो. दोन्ही जमलं नाही तर मन त्याच जागी घुटमळतं. तुमचं पत्र मी मोजून बघितलं. 27 वर्षांना एक ओळ दिलीत आणि त्यानंतरच्या काळाला दीड पान. डॅन मॅकॅडम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ लोकांकडून त्यांच्या आयुष्याच्या गोष्टी सांगवून घेतात. काही जण वाईटातून बरं कसं निघालं असं सांगतात, काही जण चांगलं चाललेलं कसं नासलं असं. घटना पुष्कळदा सारख्याच असतात. नासलेल्या दुधासारखी गोष्ट सांगण्याची एक खोड अशी, की ती मागचंही नासवते: ‘शेवटी असंच होणार होतं तर ती 27 वर्षं तरी कशाला?’ हे वाक्य तुम्ही लिहिलेलं नाही. पण सोप्यावर बसून मनात म्हणता का, ते स्वतःला विचारा.

दिशेच्या कप्प्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण त्यावर सगळेच बोलतात. ज्यांच्याकडे पुढे काहीतरी करायचं असतं ती माणसं सरासरीनं जास्त जगतात असं अमेरिकेतल्या पाहण्यांत दिसलं आहे. 2014 ची एक पाहणी सांगते की हे तरुण, मध्यमवयीन, म्हातारे सगळ्यांना लागू आहे. आता ज्याची तब्येत चांगली तोच पुढचे बेत आखतो, ही शंका तुम्हाला आली असेल. संशोधकांनाही येते, आणि गणितं मांडूनही ती पूर्ण जात नाही. तुमच्याबाबतीत मला दिशेची फार काळजी वाटत नाही. भाजी लावणारा माणूस पुढे बघतोच. उद्या वांगं धरेल म्हणूनच तो आज पाणी घालतो.

मला काळजी वाटते तिसऱ्या कप्प्याची.

मॉरिस रोझेनबर्ग हे समाजशास्त्रज्ञ. 1981 मध्ये त्यांनी एका सहकारी लेखिकेबरोबर एक निबंध लिहिला, किशोरवयीन मुलांवरचा, पण तो मी साठीच्या लोकांसाठी वापरते. आपण कुणाच्या तरी लेखी आहोत ही भावना कशाची बनते? त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. कुणीतरी माझी दखल घेतं. माझं बरंवाईट कुणाला तरी लागतं. आणि कुणीतरी माझ्यावर *अवलंबून* आहे. तिसरी गोष्ट आपण आनंदाच्या यादीत कधी धरत नाही, उलट कटकट म्हणून मोजतो. 2020 मध्ये कॉस्टिन आणि विग्नोल्स या दोघांनी लोकांच्या मागे काही काळ राहून तपासलं, की संगती, दिशा आणि मोल ह्यांतलं नेमकं काय असलं की ‘माझ्या जगण्याला अर्थ आहे’ असं माणूस म्हणतो. मोलाचं पारडं सगळ्यात जड निघालं.

आता काटा डोळ्यांपुढे आणा. ड्रायव्हर किती का घाईत असेना, तुमच्या चिठ्ठीशिवाय ट्रक धक्क्याला जात नव्हता. तुम्ही चहाला गेलात तर मागे रांग लागायची, शिव्याही पडत असतील. त्या शिव्या म्हणजे तुमचं मोल होतं. आज तुम्ही योगाला गेला नाहीत तर वर्ग सुरू होतो. वांग्याला पाणी घातलं नाही तर वहिनी बाजारातून वांगी आणतात. बुद्धिबळात समोर यंत्र आहे; तुम्ही आठ दिवस खेळला नाहीत तरी त्याचं काही अडत नाही. हे तिन्ही उद्योग चांगले आहेत, पण तिन्ही ठिकाणी तुमच्यावाचून कुणाचं खोळंबत नाही.

वीस-बावीस वर्षांत हेच मी सगळ्यात जास्त पाहिलं, आणि बायकांत जास्त. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींची गोष्ट एकत्र करून सांगते. कुळागर असलेलं घर. सासूबाईंनी चाळीस वर्षं सुपारी, केळी, गोठा, गडी सगळं पाहिलं. सुना चांगल्या निघाल्या, मनापासून प्रेम करणाऱ्या. ‘आई, तुम्ही आता काही करायचं नाही, आराम करायचा’ म्हणून एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलं. वर्षाच्या आत बाई बोलेनाशा झाल्या. डोक्याची तपासणी झाली, काही निघालं नाही. माझ्याकडे आणल्या तेव्हा त्या एकच वाक्य बोलल्या: ‘माझ्या घरात मी पाव्हणी.’ उपाय म्हणून काय केलं? गोठ्यातली दूध काढण्याची एक पाळी त्यांना परत दिली. सुनांना माझा रागच आला. म्हाताऱ्या माणसाला कामाला लावायला सांगणारी ही कसली बाई. प्रेमाच्या माणसांनी केलेलं हे नुकसान त्यांना दाखवणं फार अवघड जातं.

ह्याच्याशी जुळणारा एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी 1976 मध्ये केलेला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा. आणि प्रत्येकाला एक रोप दिलं, ह्याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार होत्या. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत दिसली. प्रयोग लहान होता आणि त्याच्या पुढच्या आकड्यांवर बराच वाद झाला आहे, म्हणून मी तो पुराव्यादाखल मांडत नाही. फक्त वहिनी जेव्हा ‘राहू दे, मी घालते पाणी’ म्हणतील तेव्हा तो आठवावा.

वहिनींचं ‘सुख टोचतंय’ हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्या जे बोलल्या ते रॉय बाउमाइस्टर यांनी 2013 मध्ये जवळपास 400 अमेरिकनांच्या पाहणीतून काढलं. सुखी आयुष्य आणि अर्थपूर्ण आयुष्य ह्यांत बरंच साम्य असतं, पण काही ठिकाणी दोन्ही एकमेकांपासून फुटतात. गरजा भागणं, आरोग्य, पैसा ह्यांचं नातं सुखाशी दिसलं. अर्थाशी फारसं नाही. काळजी, ताण, दुसऱ्यासाठी खपणं, मुलं वाढवणं ह्यांचं नातं अर्थाशी दिसलं, आणि त्यातल्या काहींनी सुख थोडं कमीच होतं. म्हणजे माणसाला सगळं सुख असूनही रितं वाटू शकतं आणि ते नाटक नसतं. शिगेहिरो ओइशी आणि एड डिनर यांनी 2014 मध्ये 132 देशांची माहिती तपासली तर गरीब देशांतल्या लोकांनी आपल्या जगण्यात अर्थ असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. धर्माचा त्यात मोठा वाटा दिसला. ह्यावरून गरिबी चांगली असा निष्कर्ष काढणाऱ्याला मी माझ्या खोलीत बसू देणार नाही. पण दरडोई उत्पन्नात देशात वरच्या रांगेत असलेल्या आपल्या राज्यात सोप्यावर बसून ‘कशासाठी?’ विचारणारी माणसं का भेटतात, ते जरा कळतं. पर्यटकांना विकलेला तो ‘सुशेगाद’, म्हणजे निवांत, हा शब्द मला म्हणूनच आवडत नाही. इथला सुशेगाद माणूस दुपारी झोपायचा तो पहाटेपासून शेतात वाकलेला असायचा म्हणून. त्यातली पहाट काढली आणि नुसती दुपार ठेवली तर तुमचं पत्र तयार होतं.

तुम्ही अर्थ शोधत बसलात, ह्यात काही चुकलं का? ह्याचं उत्तर सरळ नाही. स्टेगर यांची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, 2006 ची. पाच प्रश्न अर्थ *आहे का* ह्याचे आणि पाच अर्थ *शोधता का* ह्याचे. अमेरिकेत जास्त शोधणाऱ्यांकडे अर्थ कमी आढळला. जपानमध्ये तीच प्रश्नावली दिली तर तिथे शोधणाऱ्यांकडे अर्थ जास्त होता. कुणी नसतं म्हणून शोधतं, कुणी असतं म्हणून आणखी खणतं; आपल्याकडचा वारकरी दुसऱ्या जातीचा. मी इतकंच सांगेन, की शोधण्याची वेळ बदला. लॉरा किंग यांच्या कामातून हे वारंवार दिसलं आहे की मन प्रसन्न असतं तेव्हा माणसाला आयुष्यही अर्थपूर्ण दिसतं. सकाळी एकटे, हातात पेपर, त्यात खाणींची बातमी, आणि तेव्हाच तुम्ही आयुष्याचं वजन करायला बसता. काटा त्या वेळी शून्यावर नसतो. हे तुम्हाला मी काय सांगणार. आधी काटा शून्यावर आणल्याशिवाय तुम्ही कुणाचा ट्रक मोजला असता का?

तुम्ही लिहिलंय, ‘तुम्हीच सांगा कशात अर्थ आहे.’ हे मी करत नाही, आणि त्याचं कारण मला एका आईनं शिकवलं. तिचा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. समाचाराला येणारे प्रत्येक जण तिला एक अर्थ देऊन जात होते: देवाला आवडला, ऋण संपलं, मोठं काही टळलं. तिनं मला विचारलं, ‘हे सगळे आपापली सुटका करून घेतात ना?’ मी गप्प बसले. अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या आणि दुसऱ्या काही शोकग्रस्तांवरचा 2000 सालचा एक अभ्यास सांगतो, की बऱ्याच जणांनी त्या मृत्यूत अर्थ शोधलाच नाही आणि तरीही ते सावरले. शोधूनही न सापडलेल्यांचे हाल जास्त होते. प्रत्येक गोष्टीला अर्थ असलाच पाहिजे हा आग्रह मानसशास्त्र धरत नाही. काही गोष्टी निरर्थक असतात, आणि त्यांना तसंच राहू द्यावं लागतं.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, पुढ्यात पडलेल्या बाईवर हात पसरलेला. कांदोळीला 1756 मध्ये जन्मलेला हा आपला माणूस पॅरिसमध्ये जाऊन संमोहनावर बोलत होता. त्या काळचे लोक म्हणायचे, संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकी प्रवाह निघतो. फारिया म्हणाले, असलं काही नाही. जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. पुतळा बघणाऱ्याला मात्र नेमकं उलट वाटतं, त्या हातांतूनच काहीतरी निघतंय असं. माझ्यासमोर बसणाऱ्यांचीही तीच समजूत असते. (त्यांचीच ती दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत असेल: पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि शब्द फुटेना, तेव्हा वडील खालून कोंकणीत कुजबुजले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ खरीखोटी देव जाणे. पण समोरच्या दरबाराचा अर्थ एका वाक्यात बदलून देणारा बाप मला मानसशास्त्राच्या वर्गात शिकवावासा वाटतो.)

मग करायचं काय? इथे मी गोव्याचाच आधार घेते. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेनं आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार तपासून पाहिला, निकाल 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी. भेटणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. मुख्य सूत्र असं, की बरं वाटायची वाट बघून मग हातपाय हलवायचे नाहीत; आधी हातपाय हलवायचे, बरं वाटणं मागून येतं. नुसत्या डॉक्टरी देखभालीपेक्षा ह्या भेटी मिळालेल्यांना जास्त आराम पडला. तुम्हाला नैराश्य नसेलही, पण सूत्र चालतं. अर्थ आधी सापडेल आणि मग काम सुरू होईल, ह्या क्रमानं मी तरी कुणाचं झालेलं पाहिलेलं नाही.

फक्त काम निवडताना तुमच्यासाठी एक अट घालते. ज्या कामाला तुम्ही एक दिवस गेला नाहीत तर कुणाचा तरी ‘कुठे आहात?’ म्हणून फोन येईल, असं काम हवं. छंद नको. गाव तुम्हाला 27 वर्षं वजनात खोट न करणारा माणूस म्हणून ओळखतं, ही पत अजून खर्चलेली नाही. काजूच्या हंगामात बियांच्या वजनावरून दरवर्षी तंटे होतात. देवस्थानचे हिशेब वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. आणि चवथीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली, पण मला तिच्यावर दोन प्रश्न विचारायचे आहेत. आरतीला तुम्ही नुसते बसला होता, की हातात घुमट, शामेळ, कासाळं ह्यांतलं एखादं वाद्य होतं? आणि तुमच्या वाड्यावर शामेळ धरणारा तिशीच्या आतला कुणी आहे का? नसेल, तर तुमच्या वयाच्या लोकांसाठी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी जे सांगितलंय ते तिथे तुमची वाट बघतंय: मध्यमवयात माणूस पुढच्या पिढीच्या हातात काहीतरी ठेवतो, नाहीतर साचून राहतो. चवथीच्या आधी महिनाभर चार पोरं रोज संध्याकाळी तुमच्या सोप्यावर येऊन बसली, तर सकाळी त्याच सोप्यावर बसून काय वाटतं ते मला बघायचं आहे. पोरं येतीलच असं नाही. दोन येतील, त्यातलं एक मोबाइल घेऊन बसेल. चिडू नका.

एक काम मात्र ह्याच आठवड्यात. वहिनींना विचारा, ‘घरातल्या कुठल्या गोष्टीत तुला माझा आधार वाटतो?’ आणि मध्ये न बोलता ऐका. त्या पटकन काही सांगतील, किंवा ‘आता हे काय नवीन’ म्हणून आत निघून जातील. काहीच सुचलं नाही असं म्हणाल्या तर वाईट वाटेल, पण मग ही गोष्ट तुमच्या एकट्याची नाही हे कळेल, आणि दोघांनी मिळून यायला हवं. शनिवारी दुपारनंतर मी फोंड्याला असते. येताना खाणीच्या दिवसांतली एखादी जुनी चिठ्ठी जपून ठेवली असेल तर ती बरोबर आणा. त्या 27 वर्षांबद्दल तुम्ही अजून मला काहीच सांगितलेलं नाही.